लांडग्यावरचा आळ

दिवाळी सरली की कल्याण-मुरबाड रस्त्यावर मेंढरं दिसू लागतात. नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या कोरड्या तालुक्यांतले धनगर माळशेज घाट उतरून आपल्याकडे येतात. पुढे घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्यांचं खुराडं, मागे काळी-करडी दख्खनी मेंढरं आणि कळपाच्या कडेने चालणारी कुत्री. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं रस्ता अडवायला आली आहेत. खरं तर ती पावसाच्या हिशेबाने चालतात. आपल्याकडच्या पावसात दख्खनी मेंढी टिकत नाही, ओल्या जमिनीत खूर सडतात. पाऊस संपला की मात्र वर घाटमाथ्यापलीकडचं गवत वाळायला लागतं आणि इथे भात कापलेली खाचरं मोकळी होतात. मग सात-आठ महिने मुक्काम कोकणात, आणि मृगाच्या आधी परत वर.

माझं आजोळ पडघ्याच्या बाजूला. नाना भातशेती करायचे आणि दरवर्षी खाचरात मेंढरं बसवायचे. दोन-तीन रात्री कळप शेतात बसला की लेंडी आणि मुताने जमीन तयार व्हायची, आणि त्याबदल्यात धनगराला भात मोजून दिलं जायचं. आता रोख पैसे देतात. कोकणी मुसलमान शेतकरी आणि घाटावरचा धनगर यांचा हा व्यवहार किती पिढ्या चालला असेल, कोणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्या घरात त्याची एकच आठवण सांगितली जाते: ज्या रात्री मेंढरं शेतात बसत, त्या रात्री नाना उशिरापर्यंत धनगरांच्या शेकोटीजवळ बसत आणि नानी दोनदा निरोप धाडूनही घरी येत नसत.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या खालाचा मुलगा. कोविडनंतर नोकरी सुटली तेव्हा त्याने शहापूर तालुक्यात थोडी जमीन भाड्याने घेऊन बकऱ्या आणि मेंढे पाळायला सुरुवात केली. बकरी ईदच्या बाजारासाठी असे फार्म आपल्या मुलांनी मुरबाड, वाडा, शहापूर, पडघा या पट्ट्यात बरेच काढले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मुंब्र्याच्या, कल्याणच्या, भिवंडीच्या पोरांनी पुन्हा जमिनीकडे जावं हे मला मनापासून आवडतं. पण त्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहिले तर त्यांत खुराक असतो, वजनकाटा असतो, मेंढ्याच्या शिंगांना तेल लावलेलं असतं. रात्र कुठेच नसते.

भावाच्या फार्मवर एका रात्री सात मेंढे मेले आणि चार जखमी झाले. सकाळी सगळ्या गावात एकच वार्ता: बिबट्या आला होता. भावानेही तेच धरून ठेवलं. वनरक्षक पंचनाम्याला आले तेव्हा मी तिथे होते. ते शांतपणे वाकून जमीन बघत होते. त्यांनी आम्हाला ठसे दाखवले. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या पावलाच्या ठशात नखं उमटत नाहीत. इथे प्रत्येक ठशापुढे नखांचे टिंब होते. मग जनावरं पाहिली. बिबट्या गळा धरतो, एखादं जनावर मारतो, जमलं तर ओढून घेऊन जातो. इथे मागचे पाय फाडलेले, कान कुरतडलेले, एकापेक्षा जास्त जनावरांना चावे, आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. पत्र्याच्या खाली हातभर फट होती, तिथून सात-आठ भटकी कुत्री आत शिरली होती. बंद शेडमध्ये मेंढ्यांना पळायला जागा नसते, त्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. दोन मेंढ्यांच्या अंगावर तर दातही लागला नव्हता. ते गुदमरून मेले होते.

भरपाई मिळाली नाही. मिळणारही नव्हती. राज्य सरकारच्या 2022 च्या दरांप्रमाणे बिबट्या, लांडगा, तरस अशा वन्यप्राण्याने मेंढी किंवा शेळी मारली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. त्यासाठी 48 तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नसतं. भटकं कुत्रं वन्यप्राण्यांत मोडत नाही. भाऊ वनरक्षकांवर चिडला होता, पैसे वाचवायला हे लोक बिबट्याला कुत्रा करतात असं म्हणत होता. मला मात्र त्या माणसाचं वाकून ठसे पाहणं आवडलं.

कारण मला सूरह यूसुफ आठवत होती. यूसुफ अलैहिस्सलामच्या भावांनी वडिलांकडे त्याला रानात न्यायची परवानगी मागितली, तेव्हा हजरत याकूबनी भीती बोलून दाखवली की तुम्ही गाफील असाल आणि लांडगा याला खाईल. भावांनी तोच शब्द उचलला. यूसुफला विहिरीत टाकलं आणि त्याच्या सदऱ्याला खोटं रक्त लावून घरी आले, म्हणाले लांडग्याने खाल्लं. मुफस्सिरांनी इथे एक बारकावा सांगितला आहे. याकूबनी सदरा हातात घेऊन पाहिला तर तो कुठेच फाटलेला नव्हता. पोराला खाऊन सदऱ्याला धक्का न लावणारा लांडगा कसा असेल? हा एक प्रकारचा पंचनामाच झाला. फारसी-उर्दू शायरीत ‘गुर्ग-ए-यूसुफ’ म्हणजे यूसुफचा लांडगा, हा बिनगुन्ह्याच्या आरोपीसाठीचा संकेत होऊन बसला आहे. नववी-दहावीच्या मुलांना मी तो शिकवते तेव्हा ती हसतात. लांडग्याची कोणी बाजू घेतो हेच त्यांना गमतीचं वाटतं.

पण मला त्यातला दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, गाफील. याकूबना लांडग्याची भीती होती ती गफलतीच्या अटीवर. लांडगा रानात असणारच, प्रश्न राखण करणारा जागा आहे की नाही एवढाच.

भावाला मी म्हटलं, फार्मचे सल्ले यूट्यूबवर घेतोस, एकदा वाड्यावर चल. धनगर आपल्या मुक्कामाला वाडा म्हणतात. मुरबाड रस्त्याला आत एका खाचरात तीन कुटुंबांचा वाडा उतरला होता. पुरुष मेंढरं घेऊन गेले होते. मुक्कामावर साठीच्या आसपासची एक बाई होती, तिची सून होती आणि कोकरं. मी तिला आक्का म्हणू लागले, ती मला बाई. शाळेतली म्हटल्यावर सगळ्यांच्याच तोंडी बाई येतं. मेंढरांबरोबर फिरतात ते पुरुष, म्हणून आपल्याला मेंढपाळ म्हटलं की पुरुष आठवतो. पण मुक्काम कुठे टाकायचा, कोकरं कुठे झाकायची, शेकोटी कोणत्या अंगाला पेटवायची हे बायका बघतात.

आक्काने जे दाखवलं ते साधं होतं. संध्याकाळी दावणीसारख्या खुंट्या ठोकून त्यांना जाळी बांधतात. तिला वाघूर म्हणतात. पूर्वी घायपाताच्या दोरीची विणायचे, आता नायलॉनची असते. उंची कमरेएवढी. भाऊ लगेच म्हणाला, यावरून बिबट्या सहज उडी मारेल. आक्का म्हणाली, “मारंल की. वाघूर त्येच्यासाठी न्हाईच. मेंढरासाठी हाय.”

मला हे समजायला थोडा वेळ लागला. बिबट्या आला तर एक मेंढी नेतो. पण घाबरलेला कळप अंधारात फुटला तर उरलेल्या मेंढ्यांना कुत्री, कोल्हे, विहिरी आणि रस्त्यावरचे ट्रक संपवतात. जाळी कळपाला एकत्र ठेवते, म्हणजे नुकसान एकावर थांबतं. शिवाय जाळीच्या कडेला माणसं झोपतात, चारही बाजूंना एकेक. मेंढरं नेहमीपेक्षा वेगळी हलली, एकदम उठून एका बाजूला दाटली की झोपेतच कळतं. आक्का म्हणाली तिला मेंढरांच्या खोकल्यावरूनही कळतं. कोकरं वेगळी, डालग्याखाली, बिऱ्हाडाला लागून. मुक्कामाची जागा ऊस, झुडपं, नाला यांपासून लांब, चहूकडे दिसेल अशी. आणि एका शेतात दोन-तीन रात्रींच्या वर नाही. ते शेतमालकाच्या खतासाठी असतं हे मला माहीत होतं, पण त्यामुळे रानातल्या जनावरांनाही जागेची सवय लागत नाही, हे तिने सांगितलं.

भावाच्या शेडला दरवाजा होता, कुलूप होतं, सीसीटीव्ही होता. झोपायला माणूस नव्हता.

इथे लांडगा जवळजवळ नाहीच. लांडगा घाटावरच्या माळरानांचा, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या किंवा सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूचा. आक्काचं त्याच्याशी जुनं वैर आहे, आणि ती त्याच्याबद्दल भाऊबंदांबद्दल बोलावं तशी बोलते. घाट उतरला की गाठ बिबट्याशी. आणि बिबट्या कधीकधी मेंढरांच्याच वाटेने येतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं, विद्या अत्रेया यांच्या अभ्यासासाठी त्याच्या गळ्यात कॉलर बांधली आणि माळशेजला सोडलं. तो ठाणे जिल्हा ओलांडत, रेल्वे आणि हमरस्ते पार करत, वसईची खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. सुमारे 120 किलोमीटर, महिन्याभराच्या आत. वाटेत कोणा माणसाला त्याने इजा केली नाही. त्याचं नाव आजोबा पडलं आणि 2014 मध्ये उर्मिला मातोंडकरचा त्याच नावाचा सिनेमा आला. खरा आजोबा त्याआधीच, 2011 मध्ये, हायवेवर गाडीखाली गेला होता.

बिबट्या दिसला की लोक म्हणतात, पकडून लांब सोडा. जुन्नर भागात 2001 नंतर तसं मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की जिथे आणून सोडलं त्या भागात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं आणि आपल्या घराकडे चालू लागतं. पुढे पिंजऱ्यापेक्षा गोठा बंद करण्यावर भर देणं सुरू झालं. आता त्याच भागात मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे दिले गेले आहेत, कारण उघड्यावर झोपलेल्या धनगरांच्या लेकरांनाच बिबट्याने उचललं आहे. एका मेंढीची किंमत भरून येते. आक्काच्या सुनेने आमच्याशी बोलताना पोराला एकदाही कडेवरून खाली ठेवलं नव्हतं.

ठाण्यात 2019 च्या फेब्रुवारीत बिबट्या मॉलच्या आवारात आला, 2022 च्या नोव्हेंबरमध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत शिरला. दोन्ही वेळा आमच्या स्टाफरूममध्ये दिवसभर तोच विषय होता. बिबट्या शहराच्या कडेला येतो त्याचं एक मोठं कारण भटकी कुत्री, कारण ती त्याला सहज मिळणारी शिकार आहे. कुत्री वाढतात ती आपल्या कचऱ्यावर, आपल्या मटणाच्या दुकानांमागे टाकलेल्या तुकड्यांवर. हे मला आपल्या मोहल्ल्यांबद्दल लिहिताना बरं वाटत नाही, पण ईदच्या तिसऱ्या दिवशी ज्याने आतडी उघड्यावर पडलेली पाहिली आहेत त्याला समजावून सांगायची गरज नाही. फार्मवरही तेच. मेलेलं कोकरू नाल्यात फेकलं की कुत्र्यांच्या टोळीला तो पत्ता कायमचा कळतो. भाऊ तेच करत होता. आक्का मेलेलं जनावर खड्डा खणून पुरते.

आता कुत्र्याबद्दल, कारण घरात खरा वाद त्यावरच झाला.

वाड्यावर चार कुत्री होती. आक्काने आम्हाला चहा दिला त्याच्या आधी कुत्र्यांना भाकरी टाकली. ती कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढलेली असतात. मेंढरांच्या उबेला झोपतात, त्यांचा वास अंगाला लागतो आणि कळप म्हणजेच आपलं घर असं त्यांना वाटू लागतं. बिबट्याशी कुत्रं जिंकू शकत नाही, पण भुंकून माणसाला उठवतं, आणि बिबट्याला गुपचूप काम करायचं असतं. भटक्या कुत्र्यांना तर ती जवळही येऊ देत नाहीत. आक्का भावाला म्हणाली, “तुमी पिल्लू घेऊन जा एक. पैसं नकोत.”

घरी खाला म्हणाली, कुत्रं आलं तर मी त्या फार्मच्या मेंढ्याची कुर्बानी करणार नाही.

आम्ही कोकणी लोक शाफई. आमच्या मसलकात कुत्रं सगळंच नापाक, ओला स्पर्श झाला तर सात वेळा धुवायचं, त्यांतलं एकदा मातीने. हनफींच्या प्रचलित मतात लाळ नापाक, अंग नाही. मालिकींच्या मते कुत्रं पाकच. एवढा फरक आहे, आणि तो शतकानुशतकं विद्वानांनी मान्य केलेला आहे. पण ज्या हदीसमध्ये विनाकारण कुत्रं पाळणाऱ्याच्या नेकीतून रोज काही कमी होत जातं असं सांगितलं आहे, त्याच हदीसमध्ये कळप, शेत आणि शिकार यांसाठीच्या कुत्र्याला सूट आहे. ती आपण अर्धीच ऐकलेली असते. सूरह कहफमधल्या गुहेच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला कुत्रा तर कुरआननेच त्या नेक तरुणांच्या सोबत मोजला आहे. तुर्कस्तानातले मुसलमान मेंढपाळ कांगाल जातीची दांडगी कुत्री बाळगतात, लांडग्याने गळा धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. त्याच मुलखातली कुत्री नामिबियात 1994 पासून शेतकऱ्यांना दिली जातात, म्हणजे शेतकरी चित्त्यांवर गोळ्या झाडणार नाहीत. मी हे सगळं खालाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुर्कस्तानातल्यांना त्यांचं विचारलं जाईल, मला माझं.

शेवटी मसला कुठल्या किताबाने नाही, जागेने सुटला. कुत्रं फार्मवर, घराकडे नाही. त्याचं भांडं वेगळं, पाणी वेगळं. मेंढ्यांच्या पाण्याच्या टाकीला जाळी. ईदसाठी निवडलेला मेंढा आठ दिवस आधी वेगळा बांधून धुवायचा, ही खालाची अट. शरीयतमध्ये तिची गरज नाही, पण भावाने मान्य केली.

याच काळात एका जुम्म्याच्या बयानात आमच्या इमामसाहेबांनी ती सगळ्यांना पाठ असलेली हदीस सांगितली, की प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि त्याला त्याच्या ताब्यातल्यांबद्दल विचारलं जाईल. भावाने घरी येऊन ते सांगितलं. बयानात नवरा-बायको, मुलं, नोकर, सगळे आले, मेंढी आली नाही. वास्तविक तिथला अरबी शब्द ‘राई’ म्हणजे सरळ मेंढपाळ, आणि ज्याची राखण करायची तो कळप म्हणजे ‘रईयत’. हाच शब्द फारसीतून मराठीत येऊन ‘रयत’ झाला. रयत शिक्षण संस्था म्हणताना कोणाला त्यात मेंढरं दिसत नाहीत. खुद्द रसूलल्लाहनी तरुणपणी मक्केच्या लोकांची मेंढरं मजुरीवर राखली होती, आणि सगळ्या पैगंबरांनी ते काम केल्याचं सांगितलं होतं. आपण त्याचं कौतुक करतो. रस्त्यात मेंढरं आली की हॉर्नही वाजवतो.

आक्काला बिबट्याचं फारसं गाऱ्हाणं नाही. तिचं गाऱ्हाणं जागेचं. भिवंडीकडे खाचरांची गोदामं झाली, आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग आला, टिटवाळ्याकडे प्लॉट पडले. उरलेल्या शेतांना तारेचं कुंपण. मग वाडा उतरतो तो रस्त्याच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीला लागून, जिथे एका बाजूने काहीच दिसत नाही आणि गाड्यांच्या आवाजात मेंढरांचा खोकला ऐकू येत नाही. झुडपांपासून लांब, चहूकडे दिसेल अशी जागा, हे तिने सांगितलेलं पाळायला आता तिलाच जागा मिळत नाही. नुकसान झालं तर 48 तास थांबणं तिला परवडतं, पण कोणत्या गावच्या हद्दीत झालं आणि कोणाला सांगायचं, यातच एक दिवस जातो. मी तिच्या मुलाच्या फोनमध्ये वनखात्याचा 1926 हा क्रमांक घालून दिला. तो म्हणाला, उचलतात का? मी त्याच्यासमोर लावून पाहिला. उचलला.

भावाच्या शेडची फट सिमेंटने बुजवली आहे. वर जाळी टाकली, भोवतालची झुडपं पंधरा-वीस पावलांपर्यंत काढली, मेलेल्या जनावरांसाठी खड्डा आणि चुना ठेवला. रात्री झोपायला गावातला एक मुलगा ठेवला आहे. पिल्लू आता सात महिन्यांचं आहे, कळपातच झोपतं, आणि मेंढ्यांच्या शेपट्या ओढतं म्हणून मार खातं. कुत्रं जाणतं व्हायला दीड-दोन वर्षं जातात असं आक्का म्हणाली होती. तोपर्यंत रात्री एकदा बॅटरी घेऊन भाऊ स्वतः उठतो आणि जनावरं मोजतो.